आवडती थाई नूडल्सची डिश आणि माझी वाढलेली साखर



एरवी मी तुमच्या आजारांबद्दल लिहितो. आज थोडं माझ्याबद्दल लिहिणार आहे. गेल्या वर्षी वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी ६.३ आलं. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतो, आणि तोही घराबाहेर पडण्याच्या बाजूला नव्हे, आत शिरण्याच्या बाजूला.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरलाच कसं झालं? डॉक्टरचं स्वादुपिंड काही वेगळ्या मातीचं नसतं. माझ्या वडिलांना मधुमेह होता. ते शाळामास्तर होते. आधी पायाचं एक बोट गेलं, मग गुडघ्याखालचा पाय. पण त्या काळातलं मला जास्त आठवतं ते त्यांचं वेगळं ताट. सगळे पंगतीला बसायचे आणि त्यांच्यापुढे बिनतेलाची भाजी आणि मोजून दोन फुलके. ते एकदाच म्हणाले होते, "मला वेगळं वाढू नका रे, त्यापेक्षा थोडं वाढा." तेव्हा मी नुकताच डॉक्टर झालो होतो. मला त्यांचं म्हणणं हट्ट वाटलं. आता त्या ताटाची पाळी माझ्यावर आली होती.

बँकॉक, लेक आणि फद थाई

माझी लेक गेली काही वर्षं नोकरीनिमित्त बँकॉकला असते. आम्ही दोघं वर्षातून एकदा तिच्याकडे जातो. पहिल्या संध्याकाळचा आमचा नेम ठरलेला. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी लागते. तिथल्या बाईंना सगळे "पा" म्हणतात. थाई भाषेत आई किंवा वडिलांच्या थोरल्या बहिणीला पा म्हणतात, आणि आपण जसं कुणालाही मावशी म्हणतो तसं तिथे वयस्कर बाईंना म्हणतात. त्या पांच्या हातची फद थाई खाल्ल्याशिवाय मला बँकॉकला पोहोचल्यासारखं वाटत नाही.

आपल्याकडच्या हॉटेलांत मेनूकार्डावर "पॅड थाय" लिहिलेलं असतं, तीच ही डिश. फद म्हणजे परतणं. तांदळाच्या चपट्या नूडल्स, चिंचेचा कोळ, ताडगूळ, माशांपासून केलेला खारट फिश सॉस, कोळंबी, टोफू, अंडं, लांब मोडांचे मूग, लसणीची पात, वरून शेंगदाण्याचा भरड कूट आणि लिंबू. बाजूला कच्च्या केळफुलाची फोड. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला ही चव परकी वाटतच नाही. आंबट-गोड-खारट हा हिशोब आपलाच आहे.

या डिशला फार जुना इतिहास नाही. नूडल्स परतण्याची पद्धत थायलंडमध्ये चिनी लोकांबरोबर आली. १९३८ मध्ये पंतप्रधान झालेल्या प्लेक फिबुनसोंगख्राम यांच्या सरकारने १९३९ मध्ये देशाचं सयाम हे नाव बदलून थायलंड केलं, आणि राष्ट्रीय ओळख घडवण्याच्या त्या धामधुमीत नूडल्स खाण्याला उत्तेजन दिलं. त्यातून ही डिश "थाई" म्हणून रुजली. तिच्यासाठी वापरतात त्या नूडल्सना सेन चान म्हणतात. सेन म्हणजे दोरा किंवा तार, आणि चान हे चंथबुरी प्रांतावरून आलेलं नाव.

तर या वेळीही मी गाडीवर जाऊन बसलो. रिपोर्टबद्दल लेकीला काही सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं होतं, आणि "मी बघतो" म्हणून गप्प केलं होतं. जेवून घरी आलो आणि तासाभराने बाथरूममध्ये जाऊन गुपचूप ग्लुकोमीटरवर साखर तपासली. जेवणाआधी १०८ होती. एका तासाने २०७. दोन तासांनी १७६.

ग्लुकोमीटरची डबी मी बेसिनवरच विसरलो. लेकीने ती पाहिली. मग जे व्हायचं ते झालं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या पेशंटने असं लपवलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वडिलांच्या ताटाबद्दल बोललो. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग तुमचं वेगळं ताट करायचं नाही. आपण डिशच बदलू. सगळ्यांसाठी."

नूडल्स गोड नसतात, मग साखर का वाढते?

हा प्रश्न मला दवाखान्यात रोज कुणीतरी विचारतं. "डॉक्टर, मी साखर कधीच सोडली, तरी वाढतेच कशी?"

तांदळाचं पीठ म्हणजे मुख्यतः स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. ती जिभेला गोड लागत नाही, कारण मणी सुटे नसतात. पण लाळेतलं आणि पुढे लहान आतड्यातलं अमायलेज नावाचं विकर ही माळ तोडतं, आणि शेवटी रक्तात जातं ते ग्लुकोजच. पॉलिश केलेल्या तांदळाच्या पिठातून कोंडा आणि तंतू गेलेले असतात, त्यामुळे वाटेत अडवणारं फारसं काही नसतं.

आता एका प्लेटचा हिशोब करू. १०० ग्रॅम कोरड्या राइस नूडल्समध्ये सुमारे ८० ग्रॅम कर्बोदकं असतात. सॉसमध्ये दोन मोठे चमचे ताडगूळ गेला तर आणखी वीस-बावीस ग्रॅम. चिंचेचा कोळ, मोड, शेंगदाणे मिळून पंधरा-वीस. एकूण ११५ ते १२० ग्रॅमच्या घरात. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम असतात. म्हणजे एका प्लेटीत मी तीन-साडेतीन भाकऱ्यांइतकी कर्बोदकं खाल्ली होती, आणि वर "मी तर हलकं खाल्लं" असं समजत होतो. गाडीवरच्या टेबलावर तिखट, फिश सॉस, मिरच्या घातलेलं व्हिनेगर यांच्याबरोबर साखरेचीही वाटी असते. मी त्यातली चमचाभर घेतलेली, ती वेगळीच.

एवढं ग्लुकोज पेशींमध्ये पोचवायचं काम इन्सुलिनचं. ज्यांच्या पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठलेली असते त्यांच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन तयार करतं, बरीच वर्षं दामटून काम करतं आणि हळूहळू थकतं. "पण मी तर बारीक आहे," असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीवाले असू शकतो. मीही त्यातलाच.

फसलेले प्रयोग

पहिला प्रयोग कोंजॅकच्या नूडल्सचा. बँकॉकच्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये त्यांची पाण्यात बुडवलेली पाकिटं मिळतात. कोंजॅक हा आपल्या सुरणाचा भाऊबंद. त्याच्या कंदात ग्लुकोमॅनन नावाचा विरघळणारा तंतू असतो, जो आपल्याला पचत नाही. त्यामुळे या नूडल्समध्ये साखर वाढवणारं जवळजवळ काही नसतं. (म्हणून सुरण खाऊन तसा फायदा होईल असं समजू नका. सुरणात भरपूर स्टार्च असतो.) पाकीट उघडल्यावर माशासारखा वास आला. आम्ही जेमतेम एकदा धुतल्या आणि थेट सॉसमध्ये टाकल्या. सॉस एकीकडे, नूडल्स दुसरीकडे. दाताखाली रबर. बायको म्हणाली, "हे औषध म्हणून लिहून दे, जेवण म्हणून नको." नंतर कळलं की त्या तीन-चार पाण्यांतून धुऊन, कोरड्या कढईत करकर आवाज थांबेपर्यंत भाजायच्या असतात. तसं केल्यावर बऱ्या लागल्या, पण माझं मन बसलं नाही.

दुसरा प्रयोग कोबीचा. बारीक लांब चिरला, परतला, सॉस घातला आणि कढईत सार झालं. फिश सॉस म्हणजे मीठच. मीठ भाजीतलं पाणी ओढून घेतं. चव पातळ झाली, म्हणून आणखी सॉस घातला, आणखी पाणी सुटलं.

तिसरा प्रयोग पांनी सांगितला. लेकीने त्यांना थाईतून माझी अडचण सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माई साई सेन." म्हणजे नूडल्स घालायच्याच नाहीत. त्यांनी शेजारच्या सोम तमच्या गाडीवरून कच्च्या पपईचा कीस आणला, भरपूर मोड घातले, दोन अंडी फोडली आणि दोन मिनिटांत प्लेट पुढे ठेवली. खरं सांगतो, डोळे मिटून खाल्लं असतं तर अर्ध्या घासापर्यंत मला फरक कळला नसता. मी खूश होऊन घरी आलो. आधी १०५, एका तासाने १५९.

२०७ च्या मानाने चांगलं. पण नूडल्स पूर्ण काढूनही पन्नासच्या वर उडी कशी? लेक लगेच म्हणाली, "सॉस तोच होता ना, बाबा." बरोबर. पांचा सॉस सकाळीच शिजवून ठेवलेला असतो, ताडगूळ घालून. आम्ही फक्त डोळ्यांना दिसणारी कर्बोदकं काढली होती. विरघळलेली तशीच होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ताडगूळ काय, आपला गूळ काय, खडीसाखर काय, मुख्यतः सुक्रोजच. "गूळ चालतो ना?" या प्रश्नाचं उत्तर, साखर जितकी चालते तितकाच.

शेवटी जमलेली पद्धत (एका माणसासाठी)

गोडाचं काय करायचं, याचं उत्तर आमटीतूनच सापडलं. आपण आमटीत गूळ घालतो तो चिंचेचा आंबटपणा मोडायला. चिंच कमी केली की गूळही कमी लागतो. मग उरलेला ताजेपणा वरून लिंबाने आणायचा. शिवाय बारीक कांदा चांगला लालसर परतला की त्याचा स्वतःचा गोडवा उतरतो.

साहित्य: कच्ची पपई १५० ग्रॅम, राइस नूडल्स २० ग्रॅम (कोरड्या, म्हणजे छोटी मूठ), अंडी २, टोफू ५० ग्रॅम किंवा सोललेली कोळंबी ८-१०, लांब मोडांचे मूग एक मूठ, छोटा कांदा १, लसूण २ पाकळ्या, कांद्याची किंवा लसणीची पात, भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट दीड मोठा चमचा, तेल २ लहान चमचे. सॉससाठी चिंचेचा दाट कोळ १ मोठा चमचा, गूळ १ लहान चमचा, फिश सॉस दीड लहान चमचा, लाल तिखट चवीनुसार. कोकणातल्या मंडळींनी थोडे सोडे किंवा सुकट भाजून घातली तर उत्तमच. थाई लोकही वाळवलेली कोळंबी घालतातच.

१. पपई सोलून लांब, काडीसारखी चिरा. चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग पाण्याने धुऊन मुठीत घट्ट पिळा. ही पायरी टाळलीत तर कोबीची गत होईल.
२. नूडल्स कोमट पाण्यात भिजवा. वाकतील पण तुटणार नाहीत, इतक्याच.
३. अंडी फेटून पातळ पोळी करा, गुंडाळी करून अर्ध्या बोटाच्या पट्ट्या कापा. या पट्ट्या नूडल्समध्ये मिसळून जातात आणि प्रथिनंही देतात.
४. कढई चांगली तापू द्या. तेलात कांदा-लसूण परता, मग टोफू किंवा कोळंबी.
५. पपई घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटं. मग नूडल्स आणि सॉस. सॉस आटला पाहिजे.
६. अंड्याच्या पट्ट्या, मोड, पात घालून एक मिनिट परता. वर कूट आणि भरपूर लिंबू.

एका वेळी एकाच माणसाची प्लेट करा. कढईत गर्दी केली की भाजी परतली जात नाही, उकडते. पांच्या गाडीवर रांग लागते ती म्हणूनच.

यात साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं होतात. मूठभर नूडल्सही काढल्या तर २५ च्या आसपास. मी त्या मुद्दाम ठेवतो. चार-पाच घासांत खरी नूडल लागली की मनाची समजूत पटते, आणि फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. त्या रात्री जेवणाआधी १०६, एका तासाने १३४, दोन तासांनी १२१.

हे आकडे एका माणसाचे आहेत. हे संशोधन नव्हे. घरच्या ग्लुकोमीटरमध्ये थोडाफार फरक असतो, आणि तुमचं शरीर वेगळं वागू शकतं. पण स्वतःच्या बोटावर मोजलेला आकडा माणसाला जितकं शिकवतो तितकं माझं भाषण शिकवत नाही. आवडता पदार्थ खाण्याआधी आणि पहिल्या घासानंतर एक-दोन तासांनी कधीतरी मोजून पाहा.

हे वाचून लगेच कढई चढवू नका, आधी हे वाचा

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल तर जेवणातली कर्बोदकं एकदम कमी केल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं. औषधाचा डोस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात कीटोन आम्लं साठू शकतात, आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर तातडीने रुग्णालय गाठा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती खायची हे विचारून ठरवा. रक्तदाब असेल तर फिश सॉस किंवा सोया सॉस मोजूनच घाला. एका मोठ्या चमचाभर फिश सॉसमध्ये साधारण १४०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा २००० सांगितली आहे. साखर वाचवून रक्तदाब वाढवण्यात शहाणपणा नाही. गरोदर स्त्रियांनी कच्ची पपई टाळावी, त्याऐवजी नवलकोल किंवा दुधी चालेल. शेंगदाणे किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना वेगळं सांगायला नकोच.

मग खरी फद थाई कायमची बंद?

नाही. ही पपईची डिश म्हणजे फद थाई नव्हे, हे मी मान्य करतो. कुणी "अगदी तशीच लागते" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ती तिची धाकटी बहीण आहे, बुधवारी रात्री निर्धास्तपणे जेवता येईल अशी. खरी फद थाई मी परत येण्याच्या आदल्या दिवशी पांकडे खाल्ली. आधी अंडं, टोफू आणि मोड खाल्ले, नूडल्स शेवटी. अर्धी प्लेट लेकीला दिली. साखरेच्या वाटीकडे पाहिलंही नाही. मग आम्ही दोघं अर्धा तास चाललो. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं इतकं उपयोगी.

सहा महिन्यांनी माझं एचबीए१सी ५.९ आलं. ते या एका डिशने नाही. भात कमी झाला, रात्रीचं जेवण आठच्या आत आलं, रोज चालणं झालं, चार किलो वजन उतरलं, तेव्हा ते झालं. आणि धोका टळला असंही नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी चालू राहणार.

पण एक गोष्ट बदलली. आता घरी ही डिश होते तेव्हा ती सगळ्यांसाठी होते. बायको तीच खाते, लेक आली की तीच खाते. वडील म्हणाले होते ते मला तीस वर्षांनी कळलं. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर त्याच्यासाठी वेगळी, बेचव भाजी शिजवू नका. सगळ्यांचंच जेवण थोडं बदला. त्याचं पथ्य जास्त दिवस टिकेल, आणि कुणाला सांगावं, बाकीच्यांचीही तपासणी पुढच्या वर्षी जरा बरी येईल.

काळजी घ्या. आणि हो, बरेच दिवस टाळत असाल तर ती रक्ततपासणी या आठवड्यात करून टाका.